आठव्या नंबरवरून पहिल्या नंबरवर

सोमवारी सकाळी सात वाजता, म्हणजे माझी डबा-पाणी-रुमाल-पास अशी धावपळ चालू असताना, न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. (मावशी, तू हे वाचणार हे माहीत आहे, तेव्हा सगळं खरं लिहितोय.) तिकडे रविवारची रात्र होती आणि त्याची फुटबॉलची टीम हरली होती. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर आदळायचा. पूर्वी इथे असताना दादा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेटवर जितक्या तावातावाने बोलायचा, तितक्याच तावातावाने आता त्या खेळावर बोलतो. माणूस देश बदलतो, स्वभाव थोडाच बदलतो?

"पोरगा चांगला आहे रे. तो कोच त्याची वाट लावतोय!" दादा म्हणाला.

मला हसू आलं. कारण अगदी हेच वाक्य मी आदल्या दिवशी ऐकलं होतं. बोरिवलीच्या एका मैदानावर, नेटच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कटिंग पिणाऱ्या एका बाबांच्या तोंडून. आणि खरं सांगायचं तर महिनाभरापूर्वी हे वाक्य मी स्वतःच घरी म्हणत होतो, आमच्या चिरंजीवांबद्दल. तेव्हापासून डोक्यात हा भुंगा आहे. खेळाडू चांगला खेळतो किंवा वाईट खेळतो, त्यात कोचचा वाटा नेमका किती? आज जरा मोठं लिहिणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी दादाच्या खेळाबद्दल दोन शब्द. त्यातला क्वार्टरबॅक म्हणजे आपल्याकडचा कप्तान, विकेटकीपर आणि ओपनर असे तिघं एका अंगात घातल्यासारखा माणूस. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं, आणि समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत येत असतात. गंमत म्हणजे त्याच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. कोच बाहेरून त्याच्या कानात बोलतो, पुढची चाल सांगतो. चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढे तू आणि तुझं नशीब.

आपल्या क्रिकेटमध्येही हा प्रयोग झाला होता बरं का. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये होव्हच्या मैदानावर आपल्याविरुद्ध खेळताना हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला होता आणि कोच बॉब वूल्मर बाहेरून त्याच्याशी बोलत होते. मॅच रेफ्रींनी ते काढायला लावलं. तेव्हापासून क्रिकेटमधला कोच मॅच चालू असताना बारावा गडी पाण्याच्या बाटलीबरोबर नेईल तेवढाच निरोप धाडू शकतो. म्हणजे तिकडच्या कोचला पंधरा सेकंद उरेपर्यंत बोलता येतं आणि आपल्याकडच्याला जवळजवळ नाहीच. तरीही दोन्हीकडे हरल्यावर पहिली शिवी कोचलाच बसते :)

दादाच्या खेळातलं सगळ्यात गाजलेलं भांडण म्हणजे टॉम ब्रेडी मोठा की त्याचा कोच बिल बेलिचिक मोठा. २००० साली खेळाडूंच्या निवडीत ब्रेडी १९९ व्या नंबरवर निवडला गेला होता. म्हणजे त्याच्या आधी १९८ जणांवर लोकांना जास्त भरवसा वाटला. मग बेलिचिकच्या हाताखाली न्यू इंग्लंडकडून त्याने सहा सुपर बोल जिंकले. लोक म्हणाले, बघा, कोचने घडवला. पुढे २०२० मध्ये तो टीम सोडून टॅम्पा बेला गेला आणि पहिल्याच मोसमात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी सातवा जिंकला. इकडे बेलिचिकची टीम त्याच मोसमात सात जिंकून नऊ हरली. लोक म्हणाले, बघा, सगळं खेळाडूचंच होतं. दोन्ही वेळा बोलणारी माणसं तीच.

पण या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला अटलांटिक ओलांडायची गरज वाटत नाही. बोरिवलीत राहणाऱ्या माणसाने ते बोरिवलीतच शोधावं. आमच्याकडे रोहित शर्मा आहे आणि त्याचे दिनेश लाड सर आहेत.

गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगतो, कारण त्यातल्या एका गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही असं मला वाटतं. रोहित बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. आई-वडील डोंबिवलीला एका खोलीत राहायचे, तो शनिवार-रविवारी त्यांच्याकडे जायचा. १९९९ साली काकांनी दिलेल्या पैशांतून तो एका क्रिकेट शिबिरात गेला. तिथे तो लाड सरांच्या नजरेत भरला. फलंदाज म्हणून नव्हे हं, ऑफस्पिनर म्हणून. सर म्हणाले, शाळा बदल, आमच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये ये, तिथे खेळायच्या सोयी चांगल्या आहेत. आता शाळा म्हटली की फी आली. लाड सरांनी मुलाखतींत सांगितलं आहे, महिना २७५ रुपये फी होती आणि ती घरच्यांना झेपणारी नव्हती. सरांनी शाळेकडे शब्द टाकला, फी माफ झाली आणि पुढची चार वर्षं रोहित तिथे फुकट शिकला.

तर हा ऑफस्पिनर शाळेच्या टीममध्ये आठव्या नंबरवर बॅटिंगला यायचा. एक दिवस शाळेच्या आवारात कुणीतरी पोरगा नॉकिंग करताना सरांना दिसला. बॅट सरळ येत होती. बघतात तर आपलाच ऑफस्पिनर! त्यांनी त्याला आठव्या नंबरवरून उचललं आणि थेट ओपनिंगला पाठवलं. ओपनर म्हणून पहिल्याच मॅचमध्ये त्याने सेंच्युरी ठोकली. पुढे जाइल्स आणि हॅरिस शील्डमध्ये काय केलं ते बोरिवलीतल्या मैदानांना विचारा.

आता इथे थांबा. लाड सरांनी त्याला पुल मारायला शिकवला का? तो चेंडू टप्पा पडून उठायच्या आत ओळखण्याची जी देणगी आहे, ती शिकवली का? मला नाही वाटत. अशा गोष्टी शिकवून येत असत्या तर बोरिवली ते विरार या पट्ट्यातून दर वर्षी दहा रोहित निघाले असते. सरांनी केलं काय, तर बघितलं. आणि बघितल्यावर त्याची जागा बदलली. बस्स.

याहून मजेची गोष्ट पुढे आहे. हेच त्याच्या आयुष्यात आणखी दोनदा घडलं.

२००७ साली तो भारताकडून वनडे खेळायला लागला. सगळे म्हणायचे, केवढी गुणवत्ता! आणि धावा म्हणाल तर आज आहेत, उद्या नाहीत. मधल्या फळीत कधी चौथा, कधी पाचवा, कधी सहावा. २०११ चा वर्ल्ड कप घरच्या मैदानावर, आणि हा टीममध्येच नाही. मग जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध धोनीने त्याला ओपनिंगला पाठवलं. त्याने ८३ केले. त्याच वर्षी चॅम्पियन्स ट्रॉफीत धवनबरोबर त्याची जोडी जमली, नोव्हेंबरात बंगलोरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९, पुढच्या नोव्हेंबरात ईडन गार्डन्सवर २६४. वनडेत तीन डबल सेंच्युऱ्या करणारा तो एकटाच.

कसोटीतही तेच. २०१३ मध्ये सहाव्या नंबरवर येऊन पहिल्या दोन कसोटींत दोन शतकं, आणि नंतर सहा वर्षं कधी आत, कधी बाहेर. २०१९ च्या ऑक्टोबरात शास्त्री कोच आणि कोहली कप्तान असताना त्याला कसोटीत ओपनिंगला उभा केला. त्याआधीच्या सराव सामन्यात तो शून्यावर गेला होता! एखाद्याने घाबरून निर्णय फिरवला असता. नाही फिरवला. विशाखापट्टणमला त्याने १७६ आणि १२७ केले, रांचीला २१२.

म्हणजे शाळेत, वनडेत आणि कसोटीत, तीन वेगळ्या माणसांनी त्याच्यावर एकच उपाय केला: जा बाबा, तू पहिला जा. मनगटं तीच, नजर तीच. बदलली ती उभं राहायची जागा. हे तीन वेळा घडावं लागलं याचा अर्थ काय? एका कोचने शाळेच्या मैदानावर जे ओळखलं होतं, ते पुन्हा ओळखायला मोठमोठ्या लोकांना वनडेत साडेपाच वर्षं आणि कसोटीत सहा वर्षं लागली. मधली वर्षं फुकट गेली असं मी म्हणणार नाही. पण कोचचा प्रभाव म्हणजे काय ते यात मला लख्ख दिसतं. खेळाडूला नवा खेळ शिकवणं हा त्यातला छोटा भाग. त्याच्यात जे आधीच आहे ते कुठल्या जागी सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, हे ओळखणं मोठा भाग. आणि ओळखल्यावर सराव सामन्यातल्या शून्याने डगमगून न जाणं हा सगळ्यात मोठा.

याची दुसरी बाजू शार्दूल ठाकूरच्या गोष्टीत आहे. शार्दूल पालघरचा. शाळेच्या एका मॅचमध्ये लाड सरांच्या टीमविरुद्ध खेळला आणि सरांना आवडला. आमच्याकडे ये म्हणाले. पण पालघर ते बोरिवली रोज लोकलने, खांद्यावर किटबॅग, त्यात शाळा. घरच्यांचा जीव धजेना. तेव्हा सरांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतला. मला या गोष्टीत सरांइतकंच कौतुक त्यांच्या पत्नीचं वाटतं. उपनगरातल्या घरात वाढत्या वयाचा, दिवसभर बोलिंग टाकून आलेला परका मुलगा वर्षभर जेवायला असणं म्हणजे काय, ते ज्यांनी पोळ्या लाटल्यात त्यांनाच विचारा. पुढे त्याच शाळेकडून खेळताना शार्दूलने एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले. बोलरने हं!

या कोचिंगचं रेट कार्ड करता येईल का?

२०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार लाड सरांना मिळाला तेव्हा आमच्या भागात सगळ्यांनाच आनंद झाला. पण त्याच घरातला तिसरा मुलगाही मला इथे आठवतो. सरांचा स्वतःचा मुलगा सिद्धेश. मुंबईच्या रणजी टीमला कितीतरी वेळा अडचणीतून बाहेर काढणारा फलंदाज. १० एप्रिल २०१९ ला रोहितला दुखापत झाली म्हणून त्याच्याच जागी मुंबई इंडियन्सकडून तो पहिली मॅच खेळला आणि आयपीएलमधल्या पहिल्याच चेंडूवर सिक्स मारला. घरातच कोच, घरातच क्रिकेट. तरी भारताची टोपी मिळाली ती रोहितला आणि शार्दूलला. यात कुणाचा दोष नाही. मुंबईसाठी एवढं खेळणं ही काही लहान गोष्ट नाही. पण कोच म्हणजे साचा, त्यात मूल घातलं की खेळाडू बाहेर पडतो, असं समजणाऱ्यांनी हे घर आठवावं. आणि अशा प्रत्येक कोचच्या हाताखालून शेकडो मुलं जातात, त्यांतली बहुतेक बँकेत, एलआयसीत किंवा माझ्यासारखी ट्रेनच्या दारात असतात, हेही आठवावं.

आचरेकर सरांचीही एक गोष्ट यात बसते. सचिनच्या स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून जास्त आवडते ती ग्रिपची गोष्ट. सचिन बॅट फार खाली धरायचा. मोठ्या भावाच्या बॅटने खेळून लागलेली सवय. पुस्तकाप्रमाणे ते चूक. आचरेकर सरांनी बदलायला सांगितलं, त्याने करून पाहिलं, जमेना. आणि सरांनी ते सोडून दिलं! चूक बदलायला सांगणारे शंभर असतात. ही चूक याच्यासाठी चूक नाही, हे मान्य करून गप्प बसणारा एखादाच.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे चिरंजीव बारा वर्षांचे आहेत. बिल्डिंगच्या आवारात, दोन गाड्यांच्या मधल्या पट्टीत टेनिस बॉलने खेळायचे तेव्हा वॉचमनसुद्धा काठी खाली ठेवून बघायचा. (तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची कुंडी फुटली तेव्हा भरपाई मीच दिली, त्याचा राग नाही.) मग आम्ही सुजाण पालक झालो. एका अकॅडमीत घातलं. तिमाही फी, दोन जोड पांढरे कपडे, सीझन बॉल, पॅड, सगळं. अकॅडमीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण एका अकॅडमीशी नाहीच.

दोन वर्षांत त्याला तीन सर झाले. पहिल्या सरांनी बॅकलिफ्ट खाली आणली. ते सोडून गेले. दुसऱ्या सरांनी ग्रिप बदलली आणि बॅकलिफ्ट पुन्हा वर नेली. तेही गेले. तिसऱ्या सरांनी स्टान्स उघडा केला. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील, मी काही जाणकार नाही. पण एका बॅचला पस्तीस मुलं, प्रत्येकाला नेटमध्ये आठ-दहा मिनिटं. त्या वेळात कुणालाही चूकच दिसणार. मुलगा दिसायला वेळ लागतो.

आणि एका रविवारी परत येताना रिक्षात तो म्हणाला, "बाबा, बॉल येतो ना, तेव्हा मला हात कुठे आहेत तेच आठवत राहतं." चार दिवसांनी म्हणाला, मला नाही जायचं.

हे मी दादाला फोनवर सांगितलं (दोन दिवसांनी, निवांत वेळी), तर तो म्हणाला, "अरे, तुझा पोरगा म्हणजे ॲलेक्स स्मिथ झाला!" मग त्याने ही गोष्ट सांगितली. २००५ साली अमेरिकेतल्या निवडीत हा क्वार्टरबॅक अगदी पहिल्या नंबरवर निवडला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमने घेतला. आणि मग जवळजवळ दर वर्षी आक्रमणाची आखणी करणारा कोच बदलत गेला. नवा कोच म्हणजे नवी पद्धत, चालींची नवी नावं, पाय टाकायची नवी रीत. पहिल्या मोसमात त्याचा टचडाऊनचा पास एक आणि विरुद्ध टीमच्या हातात फेकलेले चेंडू ११. लोकांनी त्याला मोडीत काढला. २०११ मध्ये जिम हार्बो नावाचा मुख्य कोच आला. तो स्वतः जुना क्वार्टरबॅक. त्याने स्मिथला झेपेल अशी आखणी बसवली आणि तू माझा माणूस आहेस हे चारचौघांत सांगितलं. त्या मोसमात १७ टचडाऊन, फक्त ५ चुका, आणि टीम १३ जिंकून ३ हरली. माणूस तोच, खांदा तोच. उलट २००५ च्याच निवडीत २४ वा आलेला ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बाकावर शांत बसला, एकच पद्धत पचवली आणि २००८ मध्ये उतरला तो पुढे दिग्गज झाला.

"म्हणजे वाईट कोच असला तर नुकसान होतं," दादा म्हणाला.

मला वाटतं तसं नाही. स्मिथच्या त्या कोचांमध्ये नावाजलेले लोक होते. एकेकटे ते वाईट नव्हते. वाईट होतं ते दर वर्षी पाटी पुसणं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये माझी खरडपट्टी काढाल. कोचचा प्रभाव मोजायला गेलं की हातात फारसं काही येत नाही. रोहितचंच बघा. द्रविड कोच असताना नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा मॅच सलग जिंकून फायनल हरला. त्याच जोडीने जून २०२४ मध्ये बार्बाडोसला वर्ल्ड कप जिंकला. मग गंभीर कोच झाला. न्यूझीलंडने घरी येऊन ३-० असं धुतलं, ऑस्ट्रेलियात सिडनीला रोहित स्वतः बाहेर बसला. आणि दोनच महिन्यांत, ९ मार्च २०२५ ला दुबईत, तोच कप्तान आणि तोच कोच चॅम्पियन्स ट्रॉफी घेऊन उभे, फायनलमध्ये रोहितचे ७६. आता सांगा, कोच चांगला की वाईट? एका मोसमावरून, एका फायनलवरून हे ठरवता येत नाही. कोचचं काम दिसायला पाच-दहा वर्षं जावी लागतात, आणि तेवढ्यात आपण तीन बदललेले असतात.

तरी एक ताजं उदाहरण असं आहे की मला राहवत नाही. ३० ऑक्टोबर २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील. महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया आणि ३३९ चं लक्ष्य. आपली जेमिमा रॉड्रिग्ज, भांडुपमध्ये वाढलेली, वडीलच पहिले कोच. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध तिला वगळलं होतं. पुढच्या मॅचला परत घेतलं. आणि सेमीफायनलला तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला डाव सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी कळलं! नाबाद १२७. तीन दिवसांनी आपण वर्ल्ड कप जिंकलो. पुन्हा तेच. कुणीतरी ठरवलं, ही इथे उभी राहील.

आणि त्या टीमचे कोच कोण? अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसलेला तो मुलगा. रणजीत पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही मॅच नाही. ज्याची स्वतःची पाळी कधी आली नाही, त्याला दुसऱ्याची पाळी कधी आणायची ते कळतं की काय, कोण जाणे. वगळलेल्या मुलीला पुढच्याच मॅचला परत घ्यावं आणि वरच्या नंबरवर पाठवावं, हे मला तरी तंत्रापेक्षा मोठं वाटतं.

असो. माझं म्हणणं एवढंच. कोच फरक पाडतो, खूप पाडतो. पण आपण पैसे मोजतो ते तंत्रासाठी, आणि फरक पडतो तो बघण्याने, जागा देण्याने आणि टिकून राहण्याने. हे तिन्ही ताशी दराने मिळत नाहीत. जे कोच ते देतात त्यांना धरून ठेवा. जे देत नाहीत त्यांच्याकडून निदान रोज नवी ग्रिप तरी घेऊ नका.

आता मुद्दाम शेवटासाठी ठेवलेली कबुली. आमच्या चिरंजीवांना दोन वर्षांत तीन सर झाले असं मी वर लिहिलं. खरा आकडा चार आहे. चौथा मी. नेटच्या मागे उभा राहून "एल्बो वर! एल्बो वर!" ओरडणारा. मॅच हरल्यावर रिक्षात स्टेशनपासून घरापर्यंत डावाचं पोस्टमॉर्टेम करणारा. रात्री मोबाईलवर त्याचाच व्हिडिओ त्यालाच दाखवणारा. तिघं सर निदान सोडून तरी गेले. चौथा रात्री जेवायला समोरच बसायचा. त्याच्या हेल्मेटमधला स्पीकर पंधरा सेकंद उरल्यावर काय, झोपेपर्यंत बंद होत नव्हता.

बायको हे सहा महिन्यांपूर्वीच म्हणाली होती. तिचं ऐकलं असतं तर एवढं लांब लिहावं लागलं नसतं.

मग आम्ही तिसऱ्या सरांना जाऊन भेटलो. मी एवढंच विचारलं, वर्षभर काहीच न बदलता त्याला नुसतं खेळू द्याल का? सरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही पालक लोक दर महिन्याला विचारता, काय नवीन शिकवलंत? आम्ही काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तो माणूसही एका बॅचमधली पस्तीस मुलं आणि पस्तीस बापांच्या मध्ये अडकलेला होता.

चिरंजीव तयार झाले, पण एका अटीवर. "बाबा, तुम्ही मागे उभं नाही राहायचं."

गेले तीन रविवार मी मैदानाच्या बाहेर, टपरीवर असतो. बॅटचा आवाज येतो, कुणाची ते कळत नाही. या रविवारी प्रॅक्टिस मॅच होती. रिक्षात बसल्यावर मी जीभ चावून गप्प राहिलो. घराजवळचा सिग्नल आला तेव्हा तो आपणहून म्हणाला, "आज सरांनी तिसऱ्याला पाठवलं."

"बरं," मी म्हणालो.

"अकरा काढले. मग एलबी."

"बरं."

"एक कव्हरला मस्त बसला होता," तो म्हणाला, आणि उरलेला रस्ताभर तोच बोलत राहिला.